रिलेच्या पलीकडे

फ्यूजचं खरं नाव त्याच्या दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. ॲम्प्लिफायर बनवणारा आणि दुरुस्त करणारा हा माणूस चुटकीसरशी तापायचा आणि तापल्या तापल्या उडायचा, म्हणून बाजाराने त्याला हे नाव देऊन टाकलं होतं. त्याला ते अन्यायाचं वाटे. फ्यूज उडतो तो आतल्या नाजूक भागांना वाचवण्यासाठी, असं तो ठासून सांगायचा. आपण स्वतः उडून नेमकं कुणाला वाचवतो, हे मात्र त्याला आजवर सांगता आलेलं नव्हतं.

त्या दुपारी त्याची धाकटी बहीण दुकानात आली ती भांडायच्या तयारीनेच. कडेवर तीन वर्षांची ठमी, हातात कानाच्या दवाखान्याचा रिपोर्ट. कागद तिने काउंटरवर आपटला आणि म्हणाली, “दादा, तुझं यंत्र खोटं बोलतं.”

“माझं यंत्र बोलतच नाही. दिलेला आवाज मोठा करतं, बस.”

“मग खोटं मोठं करतं!”

रिपोर्टमध्ये सगळं ठीकठाक होतं. खालचे सूर ऐकू येतात, मधले येतात, वरचे, म्हणजे शिट्टीसारखे बारीक, तेही येतात. दुसरी आई असती तर तिने सुटकेचा नि:श्वास टाकला असता. पण बहिणीचं गाऱ्हाणंच वेगळं होतं. ठमी दार आपटलं की दचकायची, हाक मारली की वळायची, म्हणून बरेच दिवस कुणाच्या डोक्यात शंका आली नव्हती. मात्र शिट्टी वाजवा, फोनची पीं-पीं वाजू द्या, बाई ढिम्म. आणि बोलू लागली तर शब्दांचे दात पडलेले. साप म्हणजे आप, शाळा म्हणजे आळा. जो आवाज कानात शिरतच नाही तो तोंडातून कसा निघणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं बहिणीचं म्हणणं. तिच्या सासूबाईंचं म्हणणं अगदी थोडक्यात होतं: कान शाबूत आहेत, पोरगी हट्टी आहे, हवं तेव्हाच ऐकते. आता रिपोर्टनेही सासूबाईंचीच बाजू घेतली होती.

“पुढे काय म्हणाल्या दवाखान्यातल्या मॅडम?” फ्यूजने विचारलं.

“वर्षाने या म्हणाल्या. मोठ्या रुग्णालयात झोपवून मेंदूवरून तपासतात ना, तिकडे पाठवा म्हटलं, तर म्हणे इथला रिपोर्ट चांगला असताना तिकडे घेतच नाहीत. वर्षाने, दादा! बोलायला शिकायचं वय हेच, असं त्यांच्याच भिंतीवर लावलंय. आणि घरी पोर रोज बोलणी खाते. काल सासूबाईंनी तिला कोपऱ्यात उभं केलं, का तर ‘बस’ म्हटलेलं ऐकलं नाही म्हणून.”

ठमी काउंटरवरचे स्क्रू एका रांगेत लावत होती. आपल्यावर खटला चालू आहे याचा तिला पत्ता नव्हता. फ्यूजला भाचीची कणव आली, पण त्याहून जास्त राग आला तो यंत्राच्या बदनामीचा. इतक्या लहान पोरी हेडफोन डोक्यावर ठेवत नाहीत, भिरकावून देतात, म्हणून त्यांची चाचणी खोलीत लाउडस्पीकर लावून घेतात. त्या लाउडस्पीकरला आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर फ्यूजने स्वतःच्या हाताने बनवलेला होता, आणि ही गोष्ट त्याने बाजारात एकालाही सांगायची शिल्लक ठेवली नव्हती.

“ऐक,” तो म्हणाला. “ट्रान्झिस्टर हा जात्याच वाकडा. आवाज मोठा करतो, पण करताना आपल्या पदरचं थोडं घुसडतो. तुझा नवरा समज. सांगितलेलं आणतो, पण कधी सांगितलेलं तेवढंच आणलंय?”

“विषय माझ्या नवऱ्याचा नाहीये.”

“बरं. तर त्याला सरळ ठेवायचा कसा? जो आवाज बाहेर पडतो त्यातला चिमूटभर परत पुढच्या दाराशी आणायचा आणि मूळ आवाजाच्या शेजारी उभा करायचा. मागितलं काय आणि दिलं काय! दोघांत जो फरक पडेल तेवढाच आत पाठवायचा. जास्त दिलं असेल तर तो फरक त्याला मागे खेचतो, कमी दिलं असेल तर पुढे ढकलतो. चुकीला चुकीच्या उलट्या बाजूने रेटा. याला म्हणतात निगेटिव्ह फीडबॅक. त्यात ताकद खर्च होते, आवाज वाढवायची निम्म्याहून जास्त कुवत स्वतःला सरळ ठेवण्यातच जाते. पण जे उरतं ते चोख. माझ्या ॲम्प्लिफायरला मी इतका फीडबॅक दिलाय की त्याला खोटं बोलायची सोयच नाही.”

“आणि तो चिमूटभर परत आणणाराच झोपला असेल तर?”

“दोन रेझिस्टर आहेत ते, बाई. झोपत नाहीत.”

“माझी ठमीसुद्धा हट्टी नाहीये,” बहीण म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. फ्यूजने मीटर आणि आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारा स्कोप पिशवीत भरले.

दवाखान्यातली ती खोली चाचणीसाठीच बांधलेली. भिंतींना भोकाभोकांचे जाड तक्ते, जमिनीवर सतरंजी, मधोमध बुटकं टेबल. दोन कोपऱ्यांत दोन लाउडस्पीकर आणि प्रत्येकाच्या डोक्यावर काळ्या काचेची पेटी. सूर वाजला आणि मूल त्या दिशेला वळलं की पेटीत दिवा लागायचा आणि आतलं अस्वल ढोल बडवायचं. अस्वलाच्या आशेने मुलं पुन्हा पुन्हा वळायची. मॅडम काचेपलीकडच्या छोट्या खोलीतून सूर द्यायच्या आणि बघायच्या. ॲम्प्लिफायर त्यांच्याच टेबलाखाली होता.

कानाच्या मॅडम काही कामचुकार नव्हत्या, उलट फ्यूजला दडपण यावं इतक्या काटेकोर होत्या. रोज सकाळी मुलांच्या खुर्चीत स्वतः बसून सगळे सूर ऐकायचा त्यांचा नेम होता.

“मला तर स्वच्छ वाटतो,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्या बहिणीचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आईला कळतं. तुम्ही तपासाच.”

ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे एक छोटं सॉकेट होतं. पेटी न उघडता आउटपुट बघता यावं म्हणून फ्यूजने ते आपल्या डोक्याने बसवलेलं. फीडबॅकची तार जिथून निघते, नेमकी तिथूनच या सॉकेटची तारही काढलेली. म्हणजे ॲम्प्लिफायर जिथून स्वतःकडे बघतो तिथूनच आपणही बघायचं. या अकलेबद्दल त्याने स्वतःची पाठ अनेकदा थोपटली होती. त्याने स्कोपची पिन त्यात खुपसली. मॅडमनी एकेक सूर दिला. पडद्यावर गुळगुळीत लाट उमटली. आवाजातली भेसळ मोजणाऱ्या मीटरचा काटा तळाशी जाऊन झोपला. डावी बाजू स्वच्छ, उजवी बाजू स्वच्छ.

फ्यूजला आनंद व्हायला हवा होता, पण बहिणीचा फाटलेला आवाज काही डोक्यातून जाईना. त्याने पेटी उचलून दुकानात आणली.

निगेटिव्ह फीडबॅकला एक जुनं दुखणं असतं, आणि फ्यूजचा पहिला संशय त्यावरच गेला. बाहेरून परत येणारी ती दुरुस्ती वेळेवर यावी लागते. झोपाळा थांबवायला म्हणून ढकलावा आणि वेळ चुकावी, की थांबायचं राहिलं बाजूला, झोका आणखी चढतो. सूर जितका बारीक, तितकी वेळ चुकायची भीती जास्त. अशा वेळी सुधारणाराच बिघडवणारा होतो आणि ॲम्प्लिफायर आपल्या मनानेच कोकलायला लागतो. म्हणून आत एक चिमुकला कपॅसिटर बसवून त्याला जरा शांत, जरा धिमा करून ठेवतात. कदाचित तो कपॅसिटर बिघडला असेल आणि वरच्या सुरांना थरथर होत असेल, असं धरून फ्यूजने तो काढला आणि दुसरा लावला. फरक शून्य. तिसरा लावला. फरक शून्य. मग चिडून त्याने फारच छोटा लावला. ॲम्प्लिफायर माणसाच्या कानापलीकडच्या आवाजात किंचाळू लागला, ते कळलं ते बोट भाजल्यावर, आणि पाठोपाठ फ्यूज उडाला. शेजारचा घड्याळवाला दारात येऊन म्हणाला, “काय हो, घरातलंच माणूस गेलं का?” फ्यूजने त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग त्याने मूळचा कपॅसिटर परत बसवला. मग शेवटच्या दोन ट्रान्झिस्टरांकडे मोर्चा वळवला. लाटेचा वरचा भाग एक उचलतो, खालचा दुसरा, आणि मध्ये एकाने दुसऱ्याच्या हातात देताना धक्का बसू नये म्हणून दोघांनाही थोडं जागं ठेवावं लागतं. ते जागेपण त्याने नव्याने लावलं. नंतर सगळी सोल्डर पुन्हा वितळवली. वीजपुरवठ्याचे कपॅसिटर बदलले. प्रत्येक वेळी सॉकेटमध्ये पिन, प्रत्येक वेळी तीच लाट, प्रत्येक वेळी काटा तळाशी. बिघडलेलं यंत्र दुरुस्त करणं हे काम आहे. न बिघडलेलं यंत्र दुरुस्त करणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंतीला त्याचं काही वाटत नाही. तिकडे ॲम्प्लिफायर नाही म्हणून मॅडमना आलेली मुलं परत पाठवावी लागत होती, त्यांचे नम्र फोन येत होते, आणि नम्र फोनांनी फ्यूजचं डोकं जास्त फिरत होतं.

शेवटी त्याने पेटी दवाखान्यात नेऊन ठेवली आणि बहिणीला दुकानात बोलावून सांगितलं, “यंत्र चोख आहे. होतं तेव्हाही चोखच होतं. नाचता येईना अंगण वाकडं.”

“नाचता येईना कुणाला? ठमीला?”

“तुला! सगळे म्हणतात पोरीला ऐकू येतं. मॅडम म्हणतात, यंत्र म्हणतं, तुझी सासू म्हणते. तुलाच तिच्यात खोट शोधायची हौस आलीये.”

शब्द तोंडातून सुटला आणि फ्यूजला तो परत गिळावासा वाटला. लहानपणी याच बहिणीला त्याने एकदा ढकललं होतं तेव्हाही तिचं तोंड असंच पांढरं पडलं होतं. पण त्या वेळी ती लगेच रडली होती. आता रडली नाही.

“हौस,” ती म्हणाली. “बरं. उद्या पुन्हा चाचणी मागून घेतलीये मी. तू काचेपलीकडे यंत्राजवळ नको बसूस. आत बस, आमच्याजवळ. मग मला काय ते बोल.”

दुसऱ्या दिवशी फ्यूज त्या सतरंजीवर मांडी घालून बसला. ठमी आईच्या मांडीवर, समोर बुटक्या टेबलावर लाकडी ठोकळे. काचेपलीकडे मॅडमचं डोकं. आधी खालचे सूर झाले. ठमी वळायची, अस्वल ढोल बडवायचं, ठमी खुदकन हसायची. मग वरचा सूर आला. आधी हळू. ठमी ठोकळ्यांत गर्क. मग मोठा, मग त्याहून मोठा. सूर असला टोकदार की फ्यूजच्या दाढेत कळ गेली. आणि ठमी वळली. सरळ त्या लाउडस्पीकरकडे. दिवा लागला, ढोल वाजला, काचेपलीकडे मॅडमनी मान डोलावून नोंद केली.

फ्यूजने बहिणीकडे बघितलं. ‘बघ’ असं तो म्हणाला नाही, पण चेहऱ्यावर ते लिहिलेलंच होतं. बहिणीने नजर वळवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं होतं.

ठमीने तेवढ्यात एक ठोकळा उचलला आणि त्यावर नखाने खरवडायला लागली. खर्र. खर्र.

“ठमे, गप बस. आवाज करायचा नाही,” फ्यूज खेकसला.

“असू दे रे. नेहमीच करते ती असं इथे,” बहीण म्हणाली.

“नेहमी म्हणजे?”

“हा बारीक आवाज लागला ना, की वळते आणि मग नखाने असंच करते. घरी नाही करत.”

फ्यूजने ठोकळ्याकडे बघितलं. शिट्टी ऐकलेलं मूल फार तर ओठांचा चंबू करेल. ते नखाने लाकूड का खरवडेल? तो गुडघ्यांवर सरकत टेबलापाशी गेला.

“ठमे, कसा आवाज आला गं? तिकडून, त्या डब्यातून. कसा?”

ठमीने मामाकडे बघितलं. हा ओरडतोय की खेळतोय याचा तिने अंदाज घेतला. मग ठोकळा त्याच्या नाकाजवळ धरून खरवडला. “खल्ल,” ती म्हणाली. “खल्ल, खल्ल.”

गेले कित्येक महिने या पोरीला ऐकू येतं की नाही, यावर घरात आणि दवाखान्यात चर्चा चालू होती. काय ऐकू येतं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

“मॅडम!” फ्यूज ओरडला. “तोच सूर द्या. बंद करू नका, चालूच ठेवा.”

सूर लागला. फ्यूज लाउडस्पीकरजवळ गेला. त्यात वर एक छोटा पडदा असतो, बारीक आवाजांचा, आणि खाली एक मोठा, जाड आवाजांचा. त्याने रुमालाची घडी केली आणि छोट्या पडद्यावर तळहाताने दाबून धरली. टोकदार सूर एकदम दबला. मग त्याने मोठ्या पडद्याला कान लावला. तिथे काहीच असायचं कारण नव्हतं. तिथे कुणीतरी नखाने लाकूड खरवडत होतं. खर्र. थोडं थांबून, खर्र, खर्र.

मॅडम धावत आत आल्या. त्यांनीही खाली वाकून कान लावला, आणि बराच वेळ त्या उठल्या नाहीत.

“मी रोज ऐकते हो,” त्या शेवटी म्हणाल्या. “रोज. पण तो सूर इतका मोठा असतो, की त्याच्याखाली हे… मला कळलंच नाही.” त्या सतरंजीवरच बसल्या. “आपल्याला सूर ऐकू येतो, म्हणून खरखर ऐकू येत नाही. हिला नुसती खरखरच ऐकू येते.”

बहिणीने ठमीला घट्ट धरलं, इतकं की ठमी कुरकुरली.

फ्यूज काचेपलीकडे पळाला. सॉकेटमध्ये पिन घातली. लाट गुळगुळीत. आत्ता, या क्षणी, खोलीत खरखर चालू असताना, गुळगुळीत! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिन उपसून त्याने पेटी भिंतीपासून ओढली आणि जिथे लाउडस्पीकरची तार खोचलेली असते त्या टर्मिनलवरच पिन टेकवली. पडद्यावरची लाट जागोजाग कुरतडलेली होती.

सॉकेट आणि टर्मिनल, या दोहोंमध्ये पेटीत एकच वस्तू होती. रिले.

ॲम्प्लिफायर चालू होताना एक धक्का देतो. तो लाउडस्पीकरला बसू नये म्हणून मध्ये हा रिले असतो. सुरुवातीला थोडा वेळ तो तार तोडून ठेवतो, सगळं स्थिरावलं की टक् करून जोडतो. फीडबॅक त्याच्या अलीकडून घ्यावा लागतो, कारण रिले उघडा असतानाही ॲम्प्लिफायरला स्वतःवर नजर ठेवावीच लागते. इथवर फ्यूजचं काही चुकलं नव्हतं, जगभर असंच करतात. चुकलं ते सॉकेटपाशी. तेही त्याने रिलेच्या अलीकडेच काढलं होतं, आणि त्यामागे काही मोठा विचार नव्हता. तपासताना दर वेळी त्या ‘टक्’ची वाट बघायचा त्याला कंटाळा होता. हा माणूस उकळत्या पाण्याचीसुद्धा वाट बघू शकत नाही, मग रिलेची काय बघणार!

आणि हा सौम्य आवाजांचा दवाखाना. मोठ्या जलशांच्या ॲम्प्लिफायरमध्ये रिलेमधून दणकून करंट वाहतो, त्याने टोकांवरची काजळी जळून जाते. इथे एवढासा करंट. टोकं काळी पडत गेली. तार जोडलेली तर होती, पण अधूनमधून क्षणभर सुटत होती. फीडबॅक आपल्या टोकापर्यंत सगळं सरळ करत होता, अगदी इमानाने. त्याच्या पुढे आवाजाचं काय होतं ते त्याला कळायला मार्गच नव्हता. आणि त्याचा मालकही त्याच खिडकीत त्याच्या शेजारी हनुवटी टेकून बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही बोट भाजून घेऊन.

फ्यूजने रिलेचं टोपण काढलं. आतली टोकं चुलीवरच्या खापरीसारखी काळी होती. त्याने स्वतःला एक शिवी दिली, मोठ्याने, आणि मॅडमसमोर दिली म्हणून माफी मागितली. त्या ऐकत नव्हत्या. त्यांनी फोन काढला होता आणि कुठल्या तरी मुलाच्या आईला, काळजीचं कारण नाही पण एकदा परत येऊन जा, असं सांगत होत्या. एक फोन संपला की दुसरा लावत होत्या. फ्यूजला ते ऐकवेना, म्हणून तो उठून रिले आणायला गेला.

नवा रिले त्याने निवडून आणला, छोट्या करंटसाठीच बनवलेला, हवाबंद, टोकांना सोन्याचा मुलामा असलेला. तो बसवला. सॉकेटची तार तोडून टर्मिनलवर नेली. दुसऱ्या बाजूचाही रिले बदलला. मग पेटी दवाखान्यात लावून मोठ्या पडद्याला कान लावून बसला. खाली काही नव्हतं. त्याने मॅडमना ऐकायला लावलं, बहिणीला ऐकायला लावलं. काही नव्हतं.

चाचणी पुन्हा सुरू झाली. या वेळी फ्यूज काचेपलीकडे होता, डोळे एकदा स्कोपवर, एकदा ठमीवर. खालचे सूर झाले. ठमी वळली, अस्वलाने ढोल बडवला, ठमी हसली. मधलेही बरेच झाले. मग मॅडमनी वरचा सूर दिला.

पडद्यावर लाट उभी राहिली, टर्मिनलवरची, खरीखुरी. फ्यूजने आयुष्यात बनवलेला सगळ्यात स्वच्छ सूर त्या खोलीत भरला. ठमीने ठोकळ्यावर ठोकळा ठेवला. मॅडमनी आवाज वाढवला. बहिणीने डोळे बारीक केले. मॅडमनी आणखी वाढवला. बहिणीचा एक खांदा आपोआप कानापाशी गेला, तिला तो सूर टोचत होता. ठमी तिसरा ठोकळा नीट मधोमध बसतो का ते बघत होती. अस्वल अंधारात गप्प होतं. मॅडमनी दुसऱ्या लाउडस्पीकरमधून तोच सूर दिला. ठमीने चौथा ठोकळा शोधायला टेबलाखाली हात घातला.

मॅडमनी नोंद केली. “आता पाठवता येईल मोठ्या रुग्णालयात,” त्या हळूच म्हणाल्या. “लगेच पाठवते. मशीन लागेल कानाला, पण वय आहे अजून. शिकेल ती.” फ्यूजने मान हलवली. बहीण इतके महिने ज्याच्यासाठी घरादाराशी भांडली, ते तिला मिळालं होतं. आता ती आपल्याकडे बघेल, ‘सांगत होते ना’ म्हणेल, आणि आपण ते ऐकून घ्यायचं, अशी त्याने मनाची तयारी केली.

बहीण ठमीला कडेवर घेऊन काचेपलीकडच्या छोट्या खोलीत आली.

“दादा, तो रिले नीट बसलाय ना?”

“बसलाय.”

“परत एकदा बघ ना. नवा आहे, अडकत असेल कुठेतरी.” ती भराभर बोलत होती. “किंवा तिचंच लक्ष नसेल रे. ठोकळे होते ना समोर. हट्टी आहे ती, माहितीये ना तुला? हवं तेव्हाच ऐकते.”

फ्यूजने तिच्याकडे बघितलं आणि चटकन खाली वाकला. टर्मिनलवरची पिन काढली, पुसली, परत टेकवली. डावी बाजू बघितली, उजवी बघितली. बघायची काही गरज नव्हती, पण त्याने घाई केली नाही.

“स्वच्छ आहे गं,” तो म्हणाला.

“एकदाच. ठोकळे काढून घेऊ या तिचे.”

“मॅडम,” फ्यूज म्हणाला, “अजून एकदा द्या.”

बहीण ठमीला घेऊन आत गेली, टेबल रिकामं केलं, तिला मांडीवर सरळ बसवलं. मॅडमनी सूर दिला, आणि बहीण-भाऊ ठमीच्या मानेकडे बघत राहिले.